नव्या पाटीवरचे ठिपके

निघोजे मुक्कामी असलेले माझे बालमित्र चिमाजीराव यांस आबाजीचा चिंचवडहून कडकडून नमस्कार.

तिसरीच्या वर्गातली तुझी कुजबुज आज सकाळपासून माझ्या कानात आहे. मी बाकाशी उभा, कविता अर्ध्यावर अडलेली, गुरुजींची छडी टेबलावर टकटकते आहे, आणि मागच्या बाकावरून तुझा खर्जातला आवाज पुढची ओळ घेऊन येतो आहे. (शाबासकी मला मिळायची. तू 'वर्गात बोलतो' म्हणून अंगठे धरून ओणवा.)

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? तुझा फोन महिनाभर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं सांगतोय. निदान तू तरी असशील, या भरवशावर पोस्टाचं तिकीट लावतो आहे.

माझं विचारशील, तर मी सध्या प्रयोगाचा उंदीर झालो आहे आणि मजेत आहे. खालच्या मजल्यावरच्या गॅरेजवाल्या नवाबभाईंची सिदरा ताथवड्याला कंपनीत आहे. आपल्या शाळेच्या वेबसाइटवर मी जुन्या कविता आठवून लिहितो ना, ती लिहायची पाटी (ती एडिटर म्हणते) तिच्याच कंपनीने नवी केली. जुन्या पाटीवरून नव्या पाटीवर आल्यावर माणसाच्या सवयी कशा बदलतात, याची नोंद ठेवणं हे सिदराचं काम. यासाठी पगार मिळतो, हे ऐकून मी थक्क झालो. पोरगी मोठी गुणाची, राव! तासभर शेजारी बसते, पण एकदाही 'असं नाही हो' म्हणत नाही. नुसती बघते आणि लिहिते.

जुन्या पाटीवर प्रत्येक ओळीनंतर 'सेव्ह' दाबावं लागे. मी दाबायचो आणि हात जोडायचो. नवी पाटी आपलं आपण जपून ठेवते, तरी माझं बोट त्या कोपऱ्यात जातंच. "आजोबा, एका पानात बेचाळीस वेळा!" सिदरा म्हणाली. मी म्हटलं, "लिही, हात अजून जोडतो." तिने तेही लिहिलं. शिवाय नव्या पाटीवर प्रत्येक ओळ सुटी उचलता येते. पहिल्याच दिवशी माझ्या हातून कवितेतली सांज सकाळच्या आधी गेली आणि गुरं चरायला जाण्यापूर्वीच गोठ्यात परतली. तेव्हापासून मी कविता आधी कागदावर लिहितो. (सिदराने यासाठी वहीचं नवं पान उघडलं.)

पण तिसरी नोंद ऐक. आठवत नसलेल्या ओळीच्या जागी मी ठिपके देतो, हे तुला ठाऊक आहे. जुन्या पाटीवर दुपारची झोप काढून उठलो की ठिपक्यांच्या जागी ओळ असायची. मला वाटे, अर्धवट झोपेत मीच लिहितो. काय ही स्मरणशक्ती! चारचौघांत सांगितलंही. नव्या पाटीवर मात्र आठ दिवस झाले, ठिपके ते ठिपकेच. सिदराने एक बटण दाबलं, तर कोणती ओळ कुणी लिहिली ते सगळं बाहेर आलं. जुन्या पाटीलाही ते माहीत होतं म्हणे, पण ती बोलत नसे. चिमाजी, चिमाजी, चिमाजी. एक्केचाळीस वेळा! आणि मी वर्षभर तुला टोमणे मारत होतो, की शाळेच्या वेबसाइटवर लिहायची परवानगी मिळवून दिली तरी गड्याने एक अक्षर लिहिलं नाही. धन्य आहेस बाबा.

तब्येतीला जप. वहिनींना नमस्कार.

तुझा,
आबाजी

ता. क. खरं कारण आता लिहितो. सिदराच्या अहवालात शेवटची नोंद आहे : 'एक वापरकर्ता यायचा थांबला.' नव्या पाटीवर नाव उघडं पडतं म्हणून रुसलास का? रविवारी शाळेचा शंभरावा वाढदिवस. गुरुजींनी स्वतः रचलेली कविता मला म्हणायची आहे. ती कुठे छापलेली नाही. आपण दोघेच उरलो ती येणारे. आठ दिवस पाटीवर ती इथेच अडली आहे :

माळावरती ऊन उतरले, गवताला ये जाग
टिटवी बोले ज्याला त्याला, . . . . . . .

पुढे काय रे? रुसवा सोड, परत लिहायला लाग. नाहीतर रविवारी मागे येऊन बस.

ता. क. २. बेल वाजली. सिदरा असेल. उघडून येतो.

सिदरा नाही. तू! घामाघूम, हातात काठी, दोन बस बदलून. तुला बसवलं, पाणी दिलं, आणि तुझ्यासमोरच हे तुलाच लिहितो आहे. कारण 'रुसलास का रे?' विचारल्यावर तू जे दारातच ओरडलास ते सिदराच्या नोंदीत जायला हवं :

"रुसतंय कोण, आबा? वाचता येतंय सगळं, पर लिवायला गेलं की ती नवी पाटी फोनवर आकडा धाडते म्हनं! त्यो जुना नंबर बंद झाला, मंग आकडा येनार कुठनं? आठ दिस ते ठिपके बघतुया, जीव न्हाई ऱ्हायला. आता हितनंच लिव : ऊठ गड्या, चल, लाग!"