बारा ते दोनचा पहारा

मी, राधाकिशन आश्रुबा तांदळे, वय ७६, धंदा शेती व वीणेकरी, राहणार मौजे सावरटाकळी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगतो आणि बद्रीनाथ मास्तर ते लिहून घेतात. मला लिहिता येते, पण आत्ता माझा पहारा आहे आणि गळ्यात वीणा आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकिलांनी सांगितले. कोणाची बळजबरी नाही. बळजबरी करायची तर या उन्हात गायरानापर्यंत यावे लागेल.

१. मिळकतीआधी कबुली. शहाऐंशीच्या दुष्काळात धनगरांची अकरा कुटुंबे मेंढरे घेऊन चाऱ्यामागे गेली. निजामाच्या काळापासून त्यांची घरे आणि वावरे या गायरानावर. ती बाहेर असताना आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या सभेत ठराव आला, की गायरान रिकामे आहे, उसाच्या गाड्या उभ्या करायला घ्यावे. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. बुंदीच्या पंगतीला उशीर होत होता. कुटुंबे परतली तेव्हा झोपड्या नव्हत्या, तारेचे कुंपण होते.

त्यांच्यातल्या चतुराबाई देवकते यांनी मला विचारले, “बुवा, तुमी बी हात वर केलता?”

“केलता.”

“कावून?”

त्यांनी मला तांब्याभर पाणी दिले. त्या साली पाणी दीड कोसावरून येत होते. शिवी दिली असती तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

२. पुढच्या उन्हाळ्याआधी, सत्त्याऐंशीच्या माघात, गावचा सप्ताह होता. वीणा गळ्यात घालून मी मारुतीच्या पारावर न थांबता थेट कुंपणाच्या फाटकाशी गेलो. मागे अकरा कुटुंबे टाळ घेऊन. वॉचमनने वहाणा काढल्या आणि फाटक उघडले. आठव्या दिवशी काल्याला दही मिळेना. काल्याशिवाय सप्ताह उतरत नाही, आणि उतरेपर्यंत वीणा जमिनीला टेकत नाही. म्हणून दोन-दोन तासांचे पहारे चालू राहिले. याला दोन वर्षे तीन महिने झाली. सप्ताहाला स्वयंपाकी लागतात, म्हणून ती कुटुंबे इथेच राहतात. चेअरमनसाहेबांनी पहिल्याच महिन्यात जीपमधून चाळीस लिटर दही पाठवले होते. आम्ही त्याचे ताक करून बंदोबस्ताच्या पोलिसांना पाजले.

एकदा काठ्या घेऊन माणसे आली. वीणा तेव्हा चतुराबाईंच्या सुग्रीवकडे होती. त्याचे दोन दात पडले. त्याने हात उचलला नाही आणि वीणाही सोडली नाही. मला त्या दिवशी लई राग आला, अजून आहे. तरी माझ्यामागे आपल्यातल्या कोणी काठी उचलली, तर त्याने माझ्या तेराव्याला जेवायला येऊ नये.

३. चार एकर जमीन पत्नी केशरबाई हिला. तिने जन्मभर माझे भजन ऐकले, त्याची ही भरपाई पुरेशी नाही.

४. कारखान्याचा माझा शेअर चतुराबाईंना. दिवाळीची साखर त्यांनी घ्यावी, सभेला जावे आणि ठराव वाचून झाल्याशिवाय हात वर करू नये.

५. माझ्या नव्या कोल्हापुरी वहाणा वॉचमनला. फाटक उघडले त्या दिवशी त्याच्या चोरीला गेल्या. कोणी नेल्या हे मला ठाऊक आहे, पण तो टाळ चांगला वाजवतो.

६. राहते घर मुलगा अर्जुनराव याला. तो कारखान्याचा संचालक आहे आणि ठराव त्यानेच वाचला होता. अट एकच: माझा बारा ते दोनचा पहारा त्याने चालवावा. ही वेळ उन्हाची, कोणी घेत नाही. पहारा चुकला तर घर सप्ताहाच्या कोठीला जाईल.

७. मी गेल्यावर वीणा ज्याच्या गळ्यात असेल त्याने मयतीला येऊ नये. दही कोणी आणू नये. अकरा जणांची नावे सातबाऱ्यावर चढतील त्या दिवशी केशरबाईने विरजण लावावे. काला दुसऱ्या दिवशी.

८. वरील कलम सांगून होते न होते, तोच अर्जुनराव जीपने आला. म्हणाला, “आप्पा, हे काय लावलंय? तालुक्यात लोक हसतेत मला.”

मी म्हणालो, “हसू दे. धर जरा, सही करायची हाय.”

त्याने वीणा घेतली. लहानपणी घ्यायचा तशीच, आधी कपाळाला लावून. सही करून मी बसलो. दोनला सुग्रीवचा पहारा सुरू होतो. आता अडीच वाजलेत. सुग्रीव म्हणतो, “मला काय घाई न्हाई.”

गायरान, मौजे सावरटाकळी. दिनांक २१ मे १९८९.

सही: राधाकिशन आश्रुबा तांदळे

साक्षीदार:
१. सुग्रीव सटवा देवकते (सही)
२. बद्रीनाथ गंगाधर कुलथे, शिक्षक (सही)

मजकूर वाचून दाखवला तेव्हा हजर व कलम ६ मान्य: अर्जुनराव राधाकिशन तांदळे, बी. ए., संचालक. निशाणी डावा अंगठा. दोन्ही हात वीणेत गुंतल्याने सही करता आली नाही, शाई सुग्रीवने लावली. वीणा खाली ठेवून सही करता आली असती. त्यांनी ठेवली नाही.