संबोधीचं सूतक

अन्नपूर्णा, इंदूर
गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय अरुंधती आत्या,

वर श्री घातला नाही आणि नमस्कारही लिहीत नाहीये. विसरले नाही, मुद्दाम. आम्ही सगळे बरे आहोत, आईचा खोकला कमी आहे. तुझ्या नातवाचे फोटो आशिषदादाने पाठवले, नाक एकदम तुझ्यासारखं आहे.

फोनवर तू "बरं बरं, अभ्यास कर, आईला दे" म्हणतेस, म्हणून पत्र. बाबा उद्या देवासला ड्यूटीवर येताना तुला देतील.

माझी मैत्रीण संबोधी डेंग्यूने ॲडमिट होती. रविवारी जे झालं ते तुम्हा सगळ्यांना रविवारीच कळलं. मला आईने सांगितलं, संबोधी महूला तिच्या आजोबांकडे आराम करायला गेली. मी खुळ्यासारखी शाळेच्या व्हॅनमध्ये तिच्या खिडकीच्या जागेवर बॅग ठेवून जागा धरत होते. मंगळवारी एका मुलीला तिथे बसू देईना, तेव्हा व्हॅनवाले श्रीराम भिया म्हणाले, "बेटा, अब किसके लिए रोक रही है?" मला असं कळलं, आत्या. व्हॅनमध्ये, सगळ्यांसमोर. आई म्हणते, तुला त्रास नको म्हणून नाही सांगितलं. मग हा काय कमी त्रास झाला?

त्याच संध्याकाळी आईने शिरा केला. मी म्हटलं, मला सूतक आहे, गोड खाणार नाही. आपल्याकडचं सूतक तूच ठरवतेस, म्हणून आईने तुला फोन लावला. तू म्हणालीस, "मैत्रिणीचं कसलं सूतक? आणि ते लोक आपल्यातले तरी आहेत का?" फोन स्पीकरवर होता. मी तिथेच उभी होते.

मार्चमध्ये ग्वाल्हेरचे मालोजी आजोबा वारले, तेव्हा तू फॅमिली ग्रुपवर "कळवण्यास अत्यंत दुःख होते" असं टाकलंस आणि आम्ही दहा दिवस सूतक पाळलं. गोड नाही, देवाला हात नाही, शेजारच्या तन्वीताईच्या हळदीलाही जाऊ दिलं नाही. मी त्यांना कधी बघितलंसुद्धा नव्हतं. ते आपल्यातले. आणि संबोधी रोज माझ्या पोह्यातली बडीशेप वेचून खायची, कारण मला आवडत नाही. व्हॅनमध्ये मला उलटी झाली तेव्हा सगळे नाक धरून सरकले, तिने स्वतःच्या स्वेटरने माझं तोंड पुसलं. ती आपल्यातली नाही? हे कोण ठरवतं?

काल तिचे बाबा आले होते, पंचशीलकाका. रविवारी महूला तिच्यासाठी पुण्यानुमोदन आहे, तिथे उर्वीने संबोधीबद्दल दोन शब्द बोलावेत, असं म्हणाले. आई म्हणाली, रविवारी देवासला बारसं आहे, शिवाय उर्वीला ताप आहे. मला काही ताप नव्हता. मी पडद्यामागे होते. काका एकदम घाबरले. म्हणाले, "वहिनी, रक्त तपासलं का? थांबू नका, आजच तपासा." जाताना जिन्यातून परत वर येऊन तेच सांगून गेले. मला आईची इतकी लाज वाटली, की रात्री मी तिच्याशी बोलले नाही. अजूनही बोलत नाहीये.

बाबा म्हणतात, आत्या हो म्हणाली तर महूला नेतो.

आशिषदादाला सख्खी बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगायचं ठरलंय. मी इतकी खूश होते, की सगळ्यात आधी संबोधीलाच सांगितलं होतं. पण सुतकातल्या माणसाने पाळण्याला हात लावायचा नाही, मोठ्यांना नमस्कार करायचा नाही, पत्रावर श्री घालायचा नाही. सगळे नियम तुझेच आहेत. मी ते पाळतेय.

तेव्हा नाव दुसऱ्या कुणाकडून तरी सांगून घे. मी रविवारी महूला जाणार. बाबांनी तुला विचारायला सांगितलंय, पण मी विचारत नाहीये, कळवतेय. बाळाचा माझ्याकडून पापा घे. त्याच्यावर मी रागावलेली नाही.

आणि ग्रुपवर तू हे टाकलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. माझी मैत्रीण संबोधी रविवारी वारली. कळवण्यास अत्यंत दुःख होते.

तुझी भाची,
दहा दिवस सुतकात असलेली
उर्वी