माझा आवाज दुकानात अडकलाय

प्रिय प्रिस्किला,

हे पत्र तुझ्या कंपनीला नाही, तुला आहे. कंपनीला लिहून लिहून माझा अंगठा दुखायला लागला. तुमच्या त्या फोनमधल्या खेळात खाली ‘मदत’ म्हणून जागा आहे ना, तिथं रोज लिहिते. रोज तेच उत्तर येतं. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया थोडी वाट पाहा. आणि खाली नाव कोणाचं, तर तुझं. प्रिस्किला, ग्राहक मदत. अगं, आश्रमशाळेत माझ्या ताटातला बटाटा न विचारता उचलणारी तू, आणि मला ‘आपला अनुभव’ म्हणतेस? नवरा, रायसिंग म्हणाला, अगं ते मशीन लिहितं आणि हिचं नाव लावून देतं, तू कशाला हिच्यावर दातओठ खातेस. असेल तसं. तरी तुझं नाव दिसलं की जास्तच डोकं फिरतं. फोन का केला नाही म्हणशील. ते सांगते. आधी मला भांडून घेऊ दे.

माझ्या पोरीचं, नानीचं तुला माहीत आहे. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, मागच्या वर्षी मोठ्या दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन करून आत मशीन बसवलं, बाहेरून दुसरा तुकडा कानामागे लोहचुंबकासारखा चिकटतो. आम्हाला वाटलं, बसवलं म्हणजे झालं, आता पोरगी ऐकेल. तर नंदुरबारच्या बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, मशीन नुसता आवाज देतं, त्या आवाजाचा अर्थ काय ते घरानं शिकवायचं. आणि लहान आहे तोवरच. मोठी झाली की मग डोकं तो आवाज घेत नाही. त्या म्हणाल्या तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. वर अजून एक. तिनं तोंड न बघता ऐकायला पाहिजे. नानी पक्की लबाड आहे, ओठ बघून सगळं ओळखते. मी पदर तोंडावर धरला की पदर ओढते. म्हणून तो खेळ कामाचा होता. फोनला ओठ नाहीत. चित्रं येतात, आवाज येतो, ज्याचा आवाज त्याच्यावर बोट ठेवायचं.

पण पहिला खेळ मराठीतला. त्यात सफरचंद, आगगाडी, बर्फाचा गोळा. आमच्या डोंगरात सफरचंद कोण आणतं गं? घरात सगळे पावरी बोलतात. पोरगी खेळात सफरचंद शिकणार आणि घरी आजी तिला कोंबड्या हाकल म्हणाली की बघत बसणार. तेव्हा तूच साहेबाच्या मागे लागलीस, पावरीचा वेगळा भाग काढा, वरून उतरवून घेता येईल असा, आणि आवाजासाठी बाई मी आणते. ते मी विसरत नाही. म्हणून तर तुझ्याशीच भांडतेय. म्हसावदला तुझ्या मावसभावाच्या खोलीत माझ्या आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी आपण गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद, आणि मी घामानं निथळतेय. शेजारचा कोंबडा गप्प बसेना. तू त्याला मनातून शिव्या देत होतीस, तुझं तोंड दिसत होतं. मी म्हटलं, राहू दे त्याला, तो पण पावरीच बोलतोय. तू इतकी हसलीस की सगळं परत करावं लागलं. तुमची इकडची कोकणी आणि आमची पावरी, लहानपणी आपल्याला एकमेकींचं काही कळायचं नाही, म्हणून दोघी मोडकं मराठी बोलायचो. आताही तेच लिहितेय, चुका काढू नको.

तो भाग फोनमध्ये आला आणि नानी बदलली. आधी नुसती चित्रांवर बोटं मारायची. मग ऐकून मारायला लागली. पाणी म्हटलं की पाणी. बकरी म्हटलं की बकरी. दिवाळीच्या थोडं आधी एक दिवस फोन चुलीजवळ होता, खेळातली मी ‘इकडे ये’ म्हणाले, तर पोरगी फोनकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली. परत फोनकडे, परत माझ्याकडे. तिला समजलं की हा आवाज हिचाच. मी पीठ मळत होते, तशाच हातानं तिला उचललं. फ्रॉकला सगळं पीठ. सासू ओरडल्या, पोरीला भाकरीत घालतेस का. मंगळीबाईंचं तुला माहीतच आहे, आनंद झाला की जास्त ओरडतात.

आणि मग होळी आली. रायसिंग नानीच्या कानासाठी नवस बोलला होता, काठी गावच्या होळीला बुध्या होईन म्हणून. बुध्या म्हणजे अंगभर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोठा टोप, आणि रात्रभर नाच. त्याआधी पालनी पाळतात. खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ नाही, घरात मौजमजा नाही. सासू म्हणाल्या, नवस पोरीचा आहे तर घरानंही पाळायचा, फोनमधला खेळ बंद. रायसिंग म्हणाला, फोन बाजूला ठेव, झालं. पण मला वाटलं, नुसता बाजूला ठेवला तर तो घरात आहेच ना, देवाला काय दिसत नाही? म्हणून मी खेळ फोनमधून काढूनच टाकला. पावसाळ्यात फोन भरला होता तेव्हाही काढला होता, नंतर परत उतरवला, तुझ्या भागासकट जसाच्या तसा आला होता. म्हटलं, पालनी संपली की आणू. दुकान कुठं पळतंय.

दुकान पळालं नाही. दुकानानं दार लावून घेतलं. होळी झाली, रायसिंग राख धुऊन घरी आला, मी खेळ उतरवला. मराठीचा आला. सफरचंद आलं, आगगाडी आली. पावरीचा भाग नाही. घेतलेल्या गोष्टींच्या यादीत त्याचं नाव आहे, समोर हिरवी खूण पण आहे, की हा तुमचा आहे. पण उतरवायचं बटणच नाही. तुझा आहे म्हणतात आणि देत नाहीत. हे कुठलं शहाणपण गं?

फोन घेऊन म्हसावदच्या भरतभाऊच्या दुकानात गेले. त्यानं खालीवर केलं आणि मला म्हणाला, बाई, हाई मोठा लोकेसनं भांडण शे, मन्हा हातमा काही नई. मग त्यानंच समजावलं. तुमची कंपनी खेळ बनवते, पण विकते फोनमधल्या त्या स्टोअरवरून. वरून घ्यायचा एकेक भाग विकला की स्टोअर त्यातला वाटा कापून घेतं. तुमच्या साहेबाला ते पटलं नाही. त्यानं खेळातच पाटी लावली, की पुढचे भाग आमच्याकडून सरळ घ्या, स्वस्त पडतील. स्टोअरला राग आला, माझ्या ओट्यावर बसून गिऱ्हाईक स्वतःच्या घरी बोलावतो काय. त्यांनी तुमचे वरचे सगळे भाग काढून टाकले. आता दोघं कोर्टात. मी विचारलं, भाऊ, पण मी तर आधीच घेतला होता. तो म्हणाला, ज्यांच्या फोनमध्ये बसलेला आहे त्यांचा चालतोय, काढून परत घेणाऱ्याला मिळत नाही. तुम्ही काढलाच कशाला? आता त्या माणसाला पालनी काय सांगू? म्हटलं, चुकून दाबलं गेलं.

मग स्टोअरला विचारलं. ते म्हणतात कंपनीला विचारा. कंपनीला विचारलं. ते म्हणतात स्टोअरनं काढला, आम्ही ग्राहकांच्या बाजूनं लढतोय, धीर धरा. तक्रार लिहायच्या आधी एक कारण निवडायला सांगतात. खेळ अडकतो का, पैसे परत हवेत का, जाहिरातीचा त्रास होतो का. माझं कारण त्यात नाही. पैसे परत हवेत दाबलं तर लगेच देऊ म्हणतात! पैसे नकोत गं बाई. गावच्या बाजारात दोन म्हाताऱ्या टोपलीच्या जागेवरून भांडतात, तेव्हासुद्धा घेतलेली भाजी गिऱ्हाइकाच्या पिशवीतून काढून घेत नाहीत. ही एवढी शिकलेली माणसं. तुमचा साहेब म्हणे ग्राहकांच्या बाजूनं लढतोय. मी ग्राहक आहे ना? मला त्याचं लढणं नको, मला माझी पोरगी मागे जाताना दिसतेय.

हो, मागे जातेय. परवा मॅडमनी तपासलं. पाणी म्हटलं तर ओठांकडे बघितलं, तोंड झाकलं तर नुसती बसून राहिली. मॅडम रागावल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, सराव मोडू देऊ नका. मी काय मोडला?

तू म्हणशील, धनु, तूच घरात आहेस, आवाज तुझाच आहे, मग तूच बोल की तिच्याशी. सगळे हेच म्हणतात. भरतभाऊ पण म्हणाला. मी बोलते. तिच्या पाठीमागे बसून बोलते, भांडी घासताना बोलते. ती वळत नाही. माझा आवाज दिवाळीपासून बसलाय. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं ऊसतोडीच्या धुरळ्यानं. सासूनं हळद दिली, मध दिला, भगतानं फुंकर मारली. आता नुसती खरखर येते, जशी चाळणीत वाळू. मॅडम म्हणाल्या, त्या मशीनमधून तो आवाज तिला वेगळाच लागत असेल, तो आईचा आहे हे तिला कळतही नसेल. सासू बोलतात तर इतक्या जोरात, की नानी कानामागचा तुकडा काढून हातात देते. त्यावरून घरात हसू झालं, मी पण हसले. रायसिंग पुढच्या आठवड्यात मुकादमाबरोबर गुजरातला जातोय. तो मुळात कमी बोलतो, बायकोशीच बोलत नाही, पोरीशी काय बोलणार.

आता फोन का केला नाही ते. माझं बोलणं तुला ऐकवायचं नव्हतं. तू लगेच रडली असतीस आणि मग मी पण. चिंचपाड्याच्या बाजूला घशाचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवलं. त्यांनी पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गळ्यात गाठ आहे. काढावीच लागेल म्हणतात, पुढच्या सोमवारी बोलावलंय. आवाजाची नस तिथूनच जाते, सांभाळून काढू म्हणाले, पण आवाज राहीलच असं सांगता येत नाही. रायसिंगला माहीत आहे, तरी मुकादमाची उचल घेतलेली म्हणून त्याला जावं लागतंय. सासूला अजून सांगितलं नाही. मला खूप भीती वाटते, प्रिस्किला. ऑपरेशनची वाटते, पण त्याहून जास्त ही वाटते, की नानी जगभराचे आवाज शिकेल आणि माझा तिला ठाऊकच नसेल. माझा चांगला आवाज आता या जगात एकाच ठिकाणी आहे, तुमच्या कंपनीत. कागदावर मी सही केली होती की तो कंपनीचा. असू दे कंपनीचा, विका, भांडा, कोर्टात न्या. खेळ नको, चित्रं नकोत. त्या दिवसाचं नुसतं रेकॉर्डिंग मला पाठव. साहेबाला विचारून पाठव. तो नाही म्हणाला तर न विचारता पाठव म्हणून मी तुला सांगणार नव्हते, पण बघ, सांगतेच आहे. तुला नोकरीची भीती वाटत असेल तर सगळे शब्द राहू देत. एकच दे. रेकॉर्डिंगच्या शेवटी तू मला म्हणाली होतीस, कोणी लांबून हाक मारली तर तुमच्यात ओ कशी देतात ते बोल, आणि मी दिली होती. नानीनं अजून मला हाक मारलेली नाही. पण ती मारेल, आज ना उद्या मारेल. तेव्हा या घरातून तिला ओ मिळाली पाहिजे.

तुझीच,
धनु