दीडशे वर्षांची भिंत

मळ्यातलं घर, चेन्नई
४ सप्टेंबर १९९७

प्रिय सीता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू थोडी थबकली असशील. राघोत्तम भाऊजी गेले तेव्हा मी तुला दोन ओळी लिहिल्या, त्यानंतर सहा वर्षं काहीच नाही. हे गेले तेव्हासुद्धा तार तुझ्या राजगोपालच्या नावानं केली. एवढं कर, हे पत्र तुझ्या पुण्याच्या सुनेकडे वाचायला देऊ नकोस. आपली तंजावरची मराठी बघून तिला हसू येईल, आणि हे हसण्यासारखं पत्र नाही. एकटीनं वाच.

आधी बातमी सांगते. आपलं घर संरक्षित होणार. शेत तर कधीच गेलं. पूर्वेच्या बांधापलीकडे मोटारींचे सुटे भाग करणारा कारखाना आहे आणि त्याच्या भोंग्यावर मी सकाळची कॉफी टाकते. पण घराला कुणी हात लावायचा नाही, असं सरकारनं ठरवलंय. त्यासाठी सहा महिने धनलक्ष्मी नावाची मुलगी येत होती, जुन्या इमारतींचं शिक्षण घेतलेली, गिंडीहून दोन बस बदलून. मला पाटी म्हणते, म्हणजे आजी. तिनं टेप लावून कोपरा न् कोपरा मोजला. पुढचा ओटा एवढा उंच का, तर बैलगाडीतली पोती न वाकता त्यावर सरकवता यावीत म्हणून. चौकाची फरशी एका अंगाला उतरती का, तर पावसाचं पाणी विहिरीकडे जावं म्हणून. सागवानी खांब दगडाच्या बैठकीवर उभे केले ते वाळवीच्या भीतीनं. माळ्यावर वर्षाचं भात आणि खाली आपण, म्हणून उन्हाळ्यातही खोल्या गार असायच्या. इतकी वर्षं नांदले आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तिला म्हटलं, या खांबाला टेकून माझी धाकटी जाऊ केस वाळवायची, तेही लिही. ते तिनं लिहिलं नाही.

मग ती आपल्या दोन चौकांमधल्या भिंतीपाशी आली. पूर्वी मधलं दार होतं तिथे, जिथून आपण दोघी दिवसातून पन्नास वेळा जायचो-यायचो. तिनं बोटांनी ठोकून पाहिलं, गिलाव्यावरून हात फिरवला आणि पोरगी खूश झाली. अस्सल चुना, त्यात गूळ-हिरड्याचं पाणी, विटा जुन्या. कागदावर लिहूनही टाकलं, मूळ भिंत, अंदाजे दीडशे वर्षं. मी तिला कॉफी दिली.

ती भिंत चौतीस वर्षांची आहे, हे तेव्हा जगात तुला आणि मलाच ठाऊक होतं. गोठा पाडून निघालेल्या विटा, आणि यांनी कांचीपुरमहून आणलेला म्हातारा गवंडी, ज्याला सिमेंटचा वाससुद्धा सोसत नसे. नऊ दिवस बैल फिरवून त्यानं चुना मळून घेतला. दार चौकटीसकट काढलं आणि त्या जागी घरातली सगळ्यांत देखणी भिंत उभी राहिली.

दर शुक्रवारी मी तुझा चौक झाडते. त्यासाठी अख्ख्या घराला बाहेरून वळसा घालते आणि माझे गुडघे मला शिव्या घालतात. मैलापूरची भाची म्हणते, फ्लॅटवर राहायला ये. मी जात नाही. पण इथेही एकटं वाटतं, सीता, तुझ्यापासून काय लपवू. दूधवाला सुटीवर गेला की दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मला ते दार परत हवंय. तू कधी आलीस तर मागच्या अंगणातून परक्यासारखी येऊ नयेस, असं वाटतं.

गेल्या महिन्यात धनलक्ष्मीला मी भिंतीचं खरं वय सांगितलं. तिचा चेहरा पडला, पण मुलगी सरळ आहे. म्हणाली, सप्टेंबरच्या तीस तारखेला नोंद कायम होईल, मग एक वीट हलणार नाही. त्याआधी या घरात राहिलेल्या दोघांनी लिहून द्यायचं, की इथे दार होतं, कधी बंद केलं, का बंद केलं. दोघं म्हणजे तू आणि मी, दुसरं कोण उरलंय? त्या ‘का’पाशी माझं पेन अडलं. तिनंच सुचवलं, भावाभावांचं भांडण असेल ना, पाटी? सगळे तेच धरून चालतात, तूही. यांनी विहिरीच्या पाण्यावरून वाद काढला, भाऊजींना नाही नाही ते बोलले आणि पंधरा दिवसांत गवंडी आणला. भाऊजी काही महिन्यांनी तो अपमान घेऊन पुण्याला गेले आणि तिथेच संपले. सख्खे भाऊ पुन्हा समोरासमोर आले नाहीत.

पाण्याचं काही नव्हतं, सीता. माझं बाळ अकराव्या दिवशी गेलं आणि दोन महिन्यांनी तुझा राजगोपाल झाला. त्याचं रडणं मधल्या दारातून यायचं आणि आटलेली माझी छाती पुन्हा भरून यायची. तू बिचारी माझं मन रमावं म्हणून त्याला माझ्या मांडीवर आणून द्यायचीस. मी यांना म्हटलं, ते दार बुजवा, नाहीतर मी विहीर जवळ करते. माझं नाव कुठे येऊ नये म्हणून यांनी भावाशी खोटं भांडण उभं केलं आणि मरेपर्यंत निभावलं. मी निभावू दिलं. हे सगळं त्या ‘का’पुढे लिहिलंय, कागद सोबत आहे, खाली तुझ्या सहीची जागा आहे. सही केलीस तर दार उघडेल. नाही केलीस तर भिंत दीडशे वर्षांची होईल आणि मी कुणाला काही बोलणार नाही. एक मात्र तुला कळायला हवं. भिंत पुरी झाली त्याच्या तिसऱ्याच दिवसापासून, हे शेतावर गेले की मी तिला कान लावून बसायची, तुझा मुलगा रडतोय का ते ऐकायला. गवंडी फार चांगला होता. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

तुझीच,
तुळसीअक्का