न आणि ण

३ जून
आज नांदेडला कामावर रुजू झाले. कानाच्या तपासणीचं छोटं केंद्र आहे. ताहेर सरांनी चहा पाजला आणि बजावलं, इथं बहिरे कमी, ओरडणारे नातेवाईकच जास्त. मी बऱ्याच दिवसांनी हसले. नवरा, प्रीतम, वारल्यापासून इस्लापूरच्या घरात थांबवत नव्हतं.

काम सोपं आहे. पेशंट काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसतो. मी तोंडापुढे पुठ्ठा धरून माईकवर शब्द वाचायचे, त्यानं तेच म्हणायचे. सर म्हणाले, कान फक्त आवाज पोचवतो, शब्द मेंदू लावतो. कुणी खोकलं आणि मधलं अक्षर बुडालं, तर ओळखीचं अक्षर मेंदू स्वतःच भरतो. माणूस मग शपथेवर सांगतो, ऐकलं म्हणून.

५ जून
रेणापूरच्या कस्तुराबाई आल्या. मी लोणी वाचलं, त्या लोनी म्हणाल्या. सर म्हणाले, बरोबर धरा, ती बोली आहे, कानाचा दोष नाही. मग ते बाहेर फोनवर गेले आणि बाईंनी मी न वाचलेलाच शब्द म्हटला. रानी.

प्रीतम मला तेच म्हणायचा.

जाताना त्यांनी विचारलं, बाई, तुमच्याजवळचा माणूस लई हळू का बोलून राहिला?

माझ्याजवळ कोणीच नव्हतं.

६ जून
सरांचाच संशय आला. माझा मोबाइल टेबलावर पडलेला असतो, त्यात प्रीतमचे मेसेज आहेत; ते वाचून बाईंना पढवलं असेल. विचारलंच. तौबा ताई, असली मस्करी मी करीन का, म्हणाले. दुःखात मेंदू लई काही भरून घेतो.

पण माझ्या दुःखातलं कस्तुराबाईंचा मेंदू कशाला भरेल?

९ जून
सरांना सांगून स्वतःच आत बसले. एकदाच त्याचा आवाज हवा होता. सर शब्द वाचत होते. मधेच, डाव्या कानात, प्रीतम. राणी.

खूप रडले.

१० जून
राणी म्हणाला.

प्रीतमच्या तोंडात ण नव्हताच. पानी, कोन, रानी. मी त्यावरून चिडवायचे. माझ्या मेंदूनं भरलं असतं तर रानीच भरलं असतं.

म्हणजे हा माझा मेंदू नाही. आणि प्रीतमही—

११ जून
आज हेडफोन नाही. माझ्या भाड्याच्या खोलीवरच, मोरीच्या बाजूनं. स्पष्ट रानी.

कुणालाही सांगितलं नव्हतं. काल लिहिताना शब्द पुटपुटले, तेवढंच. कोण ऐकत—

१२ जून
आता त्या आवाजाची चूक होत नाही. हसणंही प्रीतमचंच. तो नाही, मला माहीत आहे. जेवायला काय, विचारतोय.

भात लावते आहे. वाटीभर तांदूळ धुतले. एकटीला पुरतात. तरी तांदळाच्या डब्यात पुन्हा वाटी बुडवली, दोघांपुरती—