बाराचे एकवीस

माय, तू गेल्याला तीस वर्षं होऊन गेली आणि आज मला तुझ्याशी वांग्याच्या रोपांबद्दल बोलायचं आहे. देऊळघाटच्या मळ्यात तू वाफ्यावर रोपं करायचीस. कुणाला किती हवीत ते संध्याकाळी चुलीपाशी सांगायचीस. मी, दुसरीतली, पाटीवर लिहून घ्यायचे आणि सकाळी तुला वाचून दाखवायचे, कारण तुला वाचता येत नव्हतं. एकदा तू सत्तावीस म्हणालीस. सात आधी ऐकू आले म्हणून मी सात आधी लिहिले, मग दोन. सकाळी वाचलं बाहत्तर, आणि तू बाहत्तर रोपं उपटलीस. घेणारा सत्तावीस घेऊन गेला. उरलेली पंचेचाळीस दुपारपर्यंत माना टाकून पडली.

तू मारलं नाहीस, आणि मला तेच जास्त लागलं. माझी सवय काही लवकर जाणार नाही हे तू ओळखलंस. संध्याकाळी म्हणालीस, "पयले बारा लिव. सकाळी त्याले एकवीस वाचलं त समजून जाईन मी, सारी पाटी उलटी हाय." ते बारा कुणाचेच नव्हते. तरी रोज पाटीच्या डोक्यावर असायचे.

पुढे पुण्याच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटरांचं असंच बिनसलं. मोठा आकडा दोन बाइटमध्ये, म्हणजे दोन घरांत ठेवतात. एक मशीन थोरलं घर आधी लिहायचं, दुसरं तेच धाकटं समजून वाचायचं. थोरल्या घरातल्या एकाची किंमत दोनशे छप्पन्न, म्हणून इकडचा एक तिकडे दोनशे छप्पन्न व्हायचा. साहेब म्हणाले, घरं उलटवून टाका आणि मोकळ्या व्हा. मी हटून बसले. उद्या तिसरं मशीन आलं तर? फाइलच्या डोक्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला एक आकडा हवाच, तो उलटा दिसला की पुढचं सगळं उलटवून वाचायचं. काम काढून घेईन, असं ते म्हणाले. घ्या, म्हटलं, पण त्या आकड्याशिवाय मी फाइल देणार नाही. तिसरं मशीन खरंच आलं आणि त्यानं पहिल्याच फटक्यात सगळं बरोबर वाचलं.

उद्या कॉम्प्युटरचं काम शिकायला आलेल्या नव्या मुलींना हे शिकवायचं आहे. मी तुझ्या वाफ्यापासून सुरुवात करणार आहे, यात आता बदल नाही. हे पत्र ट्रंकेतच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, ही युक्ती कुणाची? एवढी हटून बसणारी मी, पण माझी माय अंगठा उठवायची हे त्या खोलीत सांगायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "माझीच."