बाईंच्या हातातला खडू

प्रिय आई,
तुला वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवणाची आबाळ नाही. तुझा गुडघा काय म्हणतोय?

वर्गात मागे बसायचं आणि वाचन कसं शिकवावं ते बाईंना नंतर सुचवायचं, एवढंच माझं काम. सोमवारी मात्र राहवलं नाही. पोरांसमोर बाईंच्या हातातला खडू घेतला आणि मीच शिकवलं. वर्षभर गप्प बसणाऱ्या मुलीने सबंध ओळ वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीही.

मंगळवारी त्यांनी राजीनामा दिला. म्हणाल्या, "म्हणजे वीस वर्षं मी पोरांचं नुकसानच केलं."

आई, तूही शाळेतली नोकरी अशीच एकाएकी सोडलीस. गुडघ्याचं कारण सांगितलंस. खरं सांग, तुझ्या हातातला खडू कोणी घेतला होता?

तुझीच,
धाकटी